न झालेल्या लग्नाचं पातेलं

माझ्या लग्नाला साडेसातशे माणूस जेवून गेलं, आणि ते लग्न झालंच नव्हतं असं कोर्टानं लिहून दिलं. निकाल लागला त्या दिवशी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, बारामतीच्या कोर्टाच्या आवारातच वकीलबाईंना म्हणाले, "मग ती साडेसातशे माणसं काय बारशाला जेवली व्हय?"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, जेवण झालं. लग्न झालं नाही."

आबांना ते पटलं नाही. पण पुढे वर्षभर हेच वाक्य ते स्वतःचं म्हणून चारचौघांत सांगत होते.

मी बारामतीजवळ जळोचीत सेतू केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं, नाव काढणं, असली कामं. दिवसभर लोक माझ्यासमोर बसून स्वतःबद्दल सांगतात आणि मी ते संगणकात भरते. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, 'वैवाहिक स्थिती'. त्यावर बाण दाबला की यादी उघडते : अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता. पुरुष या रकान्याकडे बघतही नाहीत. बाया मात्र इथं आल्या की आवाज खाली घेतात. मागे रांगेत उभं असलेलं माणूस कान टवकारतं, आणि मी मुद्दाम प्रिंटर सुरू करते, म्हणजे आवाजात ऐकू जाऊ नये. अशा किती बायांसाठी मी फुकट कोरे कागद छापले असतील, देव जाणे.

तर शब्दांच्या बाबतीत मी आधीपासूनच जरा तिरसट. आमची आई म्हणते, "हिला जेवायला वाढताना बी शब्द निवडून वाढावा लागतो."

स्थळ आलं ते पळसदेवच्या बाजूचं. उजनीच्या पाण्याकडेला घर, थोडी बागायत, आणि मुलाचं हायवेला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. मध्यस्थ म्हणाला, "मुलगा एकुलता एक. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय." ते शंभर टक्के खरं निघालं. बाकीचं आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पत्रिका जुळली, बस्ता झाला, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी सासूबाईंचा फोन आला की मुलीचं नाव बदलायचं आहे.

आता आमच्याकडे हल्ली कुणी मुलीचं नाव बदलत नाही. आडनाव बदलतं तेच निस्तरताना नाकी नऊ येतात. ते निस्तरायला लोक माझ्याकडेच येतात. पण सासूबाई म्हणाल्या, पत्रिकेत अक्षर निघालंय, आमच्यात बदलत्यात. नावही त्यांनीच सुचवलं. ते नाव मी इथं सांगत नाही, कारण पुढे ज्या बाईचा विषय येणार आहे तिची त्यात पंचाईत होईल. नाव चांगलं होतं, एवढं सांगते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मनात म्हटलं, चला, रेशनकार्डाचं बघू नंतर.

सासरी मला त्या नावानं हाक मारायचे. पहिला महिनाभर मला ओ द्यायला उशीर व्हायचा. आत्या म्हणायच्या, "ऐकू येत न्हाय का काय हिला?" (सासूला आमच्या भागात आत्या म्हणतात.) मग हळूहळू सवय झाली. नवरा म्हणाल तर वाईट नव्हता. त्याचं सगळं बोलणं ड्रिपरच्या भोकाएवढं, थेंब थेंब. आईनं बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा धरणात बुडालेलं जुनं देऊळ दाखवायला त्यानं मला नेलं. ती आमची एकुलती एक सहल. चिखलातून चालताना माझी चप्पल रुतली, ती त्यानं काढून दिली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर वकीलबाईंनी विचारलं होतं, "काही चांगलं आठवतं का?" आणि मला चप्पलच आठवली.

लग्नाला साडेचार महिने झाले होते. घरी कसलासा नैवेद्य होता, आमटीला मोठं पातेलं हवं होतं. आत्या शेजारी गेलेल्या. मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि पोत्याखाली ठेवलेलं एक स्टीलचं पातेलं खाली काढलं. चांगलं जाड बुडाचं, कोरं करकरीत. काठावर नाव घातलेलं होतं, भांडीवाले मशिननं ठिपक्याठिपक्यांत घालतात तसं. मी पदरानं धूळ पुसली. 'चि.' म्हणून नवऱ्याचं नाव. 'चि. सौ. कां.' म्हणून माझं नाव. म्हणजे तांदळातलं. 'यांच्या विवाहानिमित्त मामांकडून सप्रेम भेट.'

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. वाटलं, आत्यांनी कौतुकानं घालून ठेवलंय आणि द्यायचं विसरल्या. मग आठवलं की माझ्या मामानं कूलर दिला होता. मग खालची तारीख वाचली. दिवसाला पन्नास अर्जांवर तारीख तपासणारी बाई मी. तारीख माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधीची होती.

आधी मी भांडीवाल्याला शिव्या घातल्या. तीन वर्षं मागची तारीख घालतोस, मेल्या, डोळे फुटले का? मग तिथंच स्टुलावर बसले. माझ्या लक्षात आलं ते सगळं एकदम नाही आलं, आमटीला उकळी फुटते तसं कडेकडेनं आलं.

आत्या परत आल्या तेव्हा पातेलं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, "आत्या, हे कुणाचं?"

"ते व्हय? ते आधीचं हाय."

"आधीचं म्हणजे?"

"म्हंजी आधीच्या टायमाचं."

"आत्या, आधीच्या टायमाला यांचं लग्न झालेलं होतं?"

आत्यांनी पदर खोचला. "चार महिनं बी टिकली न्हाय ती. रीतसर सोडचिठ्ठी झाली. ते काय लग्न म्हनायचं! तू आमटीचं बघ."

मी आमटीचं बघितलं. लोकांना वाटतं मी तिथंच आकांडतांडव केलं असेल, नाही केलं. सोळा माणसांचा स्वयंपाक होता. नवरा जेवायला बसला तेव्हा त्याला वाढताना मी एवढंच म्हटलं, "पातेलं सापडलं." त्यानं मान खाली घातली आणि आमटी भुरकत राहिला. तो मुक्काम मी आत्यांच्या खोलीत काढला, पातेलं उशाशी घेऊन. सकाळी पहिल्या एसटीनं भिगवण आणि तिथून बारामती. मांडीवर पातेलं, पातेल्यात दोन साड्या आणि मोबाइलचा चार्जर. कंडक्टरनं विचारलं, "माहेरी की दवाखान्यात?" मी म्हटलं, "तिकीट फाडा."

नवऱ्याचं आधी एक लग्न झालं होतं, याचा मला फार राग नव्हता. तसं सांगितलं असतं तर कदाचित मी हो म्हटलंही असतं. चप्पल काढून देणारे तरी कुठं ढिगानं मिळतात. राग होता तो नावाचा. नवं अक्षर नाही, नवी ओळख नाही. माळ्यावरची भांडी वाया जाऊ नयेत आणि कुणाच्या तोंडून चुकून जुनं नाव निघालं तर निभावून जावं, म्हणून मला त्या नावात बसवलं होतं. साडेचार महिने मला दुसरीच्या नावानं हाक मारत होते आणि मी ओ देत होते. याची मला इतकी लाज वाटली की पहिले आठ दिवस मी घरात कुणाच्याच हाकेला उत्तर दिलं नाही.

मग बैठक बसली. बैठकीत काय बोलतात ते सगळ्यांना पाठ असतं. झालं गेलं गंगेला मिळालं. भांड्याला भांडं लागतंच. हे दुसरं वाक्य एका तात्यांनी म्हटलं आणि पातेलं समोरच असल्यामुळे सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. शेवटी ठरलं की फारच वाटत असेल तर दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यावा, सहा महिन्यांत मोकळं व्हावं. समोरचे कबूल होते. आबाही कबूल होते.

मी कबूल नव्हते. मला त्या यादीतला चौथा शब्द नको होता. मी काही मोडलं नव्हतं. मला मोडकं देऊन कोरं म्हणून सांगितलं होतं. ज्या माणसाला मी हो म्हटलं तो अविवाहित होता, असं त्याच्या बायोडाट्यात लिहिलं होतं. तो माणूस अस्तित्वातच नव्हता. मग त्याच्याशी माझं लग्न तरी कसं झालं?

बारामतीतल्या वकीलबाई हे ऐकून चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. पन्नाशीच्या, फटकळ, आणि टेबलावर कायम सोललेल्या शेंगांचा ढीग. म्हणाल्या, "तुला घटस्फोट नको, तुला लग्न रद्दबातल करून पाहिजे. असं मागायला माझ्याकडे सहा वर्षांत कुणी आलं नाही. सगळ्यांना लवकर सुटायचं असतं."

त्यांनी मला सोपं करून सांगितलं. पहिलं लग्न लपवणं म्हणजे फसवणूक. फसवून केलेलं लग्न कोर्ट रद्द करू शकतं. पण दोन अटी. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. आणि कळल्यानंतर राजीखुशीनं नवऱ्यासोबत नांदायचं नाही. नांदलीस तर तू ते पदरात घेतलंस असं होतं.

"पातेलं बघितल्यावर किती दिवस राहिलीस?"

"एक मुक्काम. सासूच्या खोलीत."

"आणि पातेलं?"

"उशाशी."

"शाबास," असं म्हणून त्यांनी मला मूठभर शेंगदाणे दिले.

अर्ज दाखल झाला. मी अर्जदार, तो जाबदार. मला जाबदार हा शब्द इतका आवडला की तेव्हापासून मी त्याला दुसऱ्या नावानं ओळखतच नाही. पातेलं निशाणी म्हणून कोर्टात जमा झालं. तिथल्या कारकुनानं पावती लिहिताना विचारलं, "झाकण?" म्हटलं, झाकण सासरी राहिलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अधिक महिना लागला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर चुकवायचाच नाही. हे सगळं मला माहीत होतं. फक्त आमची आई असं काही करेल हे सात जन्मांत माझ्या मनात आलं नसतं.

त्या दिवशी केंद्रातलं सर्व्हर बंद पडलं म्हणून मी दुपारी गाडी काढून घरी आले. दारात ओळखीच्या चपला. आत येते तर पाटावर जाबदार बसलेला. पाय धुऊन, कपाळाला कुंकू लावून. समोर ताट, ताटात धोंडे, त्यावर तुपाची धार. आई निरांजन घेऊन उभी. मी दारात तशीच थिजले, डोक्यावर हेल्मेट.

जाबदार मान वर करून म्हणाला, "धोंडे चांगले झालेत."

मी आईला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, केस चालू आहे आपली! याच्यावर!"

आई अजिबात गडबडली नाही. "केस त्या माणसावर हाय. जावई म्हंजी विष्णू असतो. विष्णूवर कुठं केस हाय?"

"आणि तो आला कसा?"

"बोलावलं म्हनून आला. बोलावल्यावर न्हाय म्हनायचं नसतं. त्याच्या आईनं धाडला."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाहेर माझी चुलती होती, आणि चुलतीच्या हातात मोबाइल होता. मी तणतणत बाहेर आले त्या क्षणी तिनं फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं : 'जावईबापूंचा पहिला धोंडा', पुढे सहा फुलं. फोटोत पाटावर जाबदार, शेजारी हेल्मेट घातलेली मी. चुलतीचा नंबर जाबदाराच्या मामेबहिणीकडे होता. पुढच्या तारखेला तो फोटो रंगीत छापून कोर्टात हजर.

समोरचे वकील म्हणाले, "अर्जदार जाबदारासोबत आनंदानं सण साजरा करतात. म्हणजे त्यांनी सगळं माफ केलेलं आहे."

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, आनंदात असलेली बाई घरात हेल्मेट घालून उभी राहत नाही."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. हसले की नाही ते मला दिसलं नाही. पण बाहेर आल्यावर वकीलबाई अजिबात हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "एका जेवणानं केस जात नाही. पण दुखणं झालं. आता ते तुझ्या आईला साक्षीला बोलावतील, आणि तुझी आई तिथं विष्णू सांगेल."

त्या दिवशी मी गाडीवर रडत घरी आले. हेल्मेटच्या आत रडलं की काच धुरकट होते आणि समोरचं दिसत नाही, हे तेव्हा कळलं. मला स्पष्ट दिसायला लागलं होतं की या तेहतीस अनारशांपायी मी आयुष्यभर त्या चौथ्या शब्दात बसणार. आईशी मी पंधरा दिवस बोलले नाही. आई माझ्या डब्यात रोज एक धोंडा घालायची; तो मी खायचे, पण बोलायचे नाही.

आणि मग आम्हाला वाचवलं ते जाबदारानंच. म्हणजे त्याच्या आईनं.

आत्या साक्षीला उभ्या राहिल्या. आम्ही काही लपवलं न्हाय, सगळं रीतसर होतं, असं त्यांना सांगायचं होतं. पहिल्या सुनेची सोडचिठ्ठी पाच पंचांसमोर झाली, कागद झाला, तिची सही झाली. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरातला कागद काढला. शंभराचा स्टॅम्प, खाली पंचांच्या सह्या, नोटरीचा गोल शिक्का. आत्यांनी तो असा पुढे धरला की जणू सातबारा.

वकीलबाईंनी तो वाचला, परत वाचला, आणि एकदम गोड आवाजात विचारलं, "आणि कोर्टाचा हुकूमनामा?"

"ह्योच की हुकूमनामा. शिक्का हाय न्हवं."

"म्हणजे कोर्टात गेला नाहीत?"

"कोर्टात कशाला जाऊ? आमी काय भांडखोर हाय का?"

समोरच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मला काही कळलं नाही. मधल्या सुट्टीत वकीलबाईंनी शेंगा फोडत फोडत सांगितलं. स्टॅम्पावर लिहून लग्न मोडत नाही. काही समाजांत तशी जुनी चाल असते आणि कायदा ती मानतो, पण मग ती चाल सिद्ध करावी लागते. नाहीतर मोडायचं काम कोर्टाचं. म्हणजे जाबदाराचं पहिलं लग्न मोडलेलंच नाही. आणि एक बायको असताना केलेलं दुसरं लग्न रद्द करावं लागत नाही, ते मुळात झालेलंच नसतं. मग धोंडा खाल्ला काय आणि अनारसे खाल्ले काय.

अर्ज दुरुस्त झाला. समोरच्यांना चाल सिद्ध करता आली नाही. पहिला अर्ज केल्यापासून दीड वर्षानं निकाल लागला : विवाह सुरुवातीपासूनच निरर्थक. निकालपत्रात माझं नाव माझं होतं, जन्मापासूनचं, आडनावासकट. मी ते तीनदा वाचलं. आईनं पेढे आणले आणि आळीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं की सांगायची, "पोरीचं लग्न झालं न्हाय त्याचे." एक म्हातारी गोंधळून म्हणाली, "व्हईल गं, धीर धर," आणि पेढा परत द्यायला लागली.

मी केंद्रात गेले, शटर अर्धं खाली ओढलं, स्वतःचाच एक अर्ज उघडला, आणि रकान्यावर बाण दाबून पहिला शब्द निवडला. प्रिंटर चालू केला नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

अपिलाची मुदत संपल्यावर पातेलं परत मिळालं. आता त्याचं करायचं काय? आई म्हणाली, मोडीत घाल. पण ते कुणाच्या तरी मामानं प्रेमानं दिलेलं होतं. सोडचिठ्ठीच्या कागदावर त्या पहिल्या बाईचं पातेल्यावरचंच नाव आणि माहेरचा पत्ता होता, इंदापूरच्या पुढचं एक गाव. तिनं कुणालाच काही मागितलं नव्हतं आणि तिच्यामुळे मी सुटले होते. एका रविवारी पातेलं गाडीला बांधून मी निघाले.

ती घरी नव्हती, पेरूच्या पॅकिंग शेडमध्ये होती. पेरूला जाळी चढवत बसलेल्या बायांत तिचं नाव विचारलं, म्हणजे पातेल्यावरचं. कुणी ओ दिली नाही. मग एक बाई पातेल्याकडे बघत उठली. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी, डोक्याला रुमाल बांधलेला.

मी कोण ते सांगितलं. पातेलं पुढे केलं. "ताई, हे तुमचं. तुमचं नाव आहे यावर."

तिनं काठ फिरवून वाचलं आणि हसली. "ह्ये माझं नाव न्हाय."

"म्हणजे?"

"माझं बी बदललं हुतं. अक्षर निघालं म्हनं. मामानं त्यांनाच इचारून नाव घातलं. म्या तवाच म्हनलं, मामा, ह्ये कुनाचं पातेलं आनलंस?"

मग मीही हसले. आम्ही दोघी पेरूच्या ढिगाशेजारी बसून इतक्या हसलो की मुकादम बघायला आला. आत्यांना ते नाव फार आवडायचं, एवढंच.

हसणं थांबल्यावर मी तिला निकालाचं सांगितलं. माझं लग्न झालंच नाही. आणि का झालं नाही, तर तुमचं अजून मोडलेलं नाही.

ती हातातला पेरू चोळत राहिली. "म्हंजी मी अजून सवाष्ण?"

"कायद्यानं, हो."

"पाच संक्रांती झाल्या. सख्खी वैनी मला हळदीकुंकवाच्या टायमाला सैपाकघरात बसवती. आन मी सवाष्ण?"

मी पेढे खाल्ले होते. या बाईला जाऊन हे सांगावं असं त्यात कुणाच्याही मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी अडखळत म्हटलं, "ताई, तुमचं रद्द होणार नाही. तुमचं लग्न खरं होतं. तुम्हाला..." मला तो शब्द तोंडातून काढायला जड गेलं. "तुम्हाला घटस्फोटच घ्यावा लागेल. कागदावर घटस्फोटित लागेल."

"मग लागू दे की."

"वाईट वाटणार नाही?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेरूला आंबा म्हटलं. "आता समदी काय म्हनत्यात? सोडलेली. त्यांनी सोडली, म्हनून सोडलेली. त्यात मी कुठं हाय? घटस्फोट म्हनलं की म्या घेतला म्हनता येतंय. मला त्योच शब्द पायजे. शिक्क्याचा."

ज्या शब्दापासून पळायला मी दीड वर्ष कोर्टात घालवलं, तो ही बाई दोन्ही हात पुढे करून मागत होती. इतक्या बायांचे अर्ज भरले मी, पण घटस्फोट 'घेता' येतो हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. बहुतेक प्रिंटरच्या आवाजामुळे.

पातेलं तिनं ठेवून घेतलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच, माझ्या केसला लागंल." वर त्यात पेरू भरून दिले.

पुढच्या सोमवारी ती सकाळच्या एसटीनं आली. मी तिला आधी केंद्रात नेलं, मग वकीलबाईंकडे. वकीलबाईंनी दारातच पातेलं ओळखलं. "परत तेच?"

"पातेलं तेच," मी म्हटलं. "बाई पहिली."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि मला माहिती लिहून घ्यायला सांगितली. तिचं नाव मी लिहिलं, खरं, माहेरचं. वय लिहिलं. मग तो रकाना आला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती, आवाज जराही खाली न घेता तिनं विचारलं, "हितं काय लिवलंस?"

"आत्ता विवाहितच लिहावं लागतंय, ताई."

"लिव," ती म्हणाली. "थोड्या दिसाचं हाय."